हवेचं लायसन

सोलापूरच्या आमच्या घरी माडीवर अब्बांचा कॉम्प्युटर आहे. २००४ साली घेतलेला. तेव्हा पांढरा होता, आता चहाच्या रंगाचा झालाय. त्यात विंडोज एक्सपी आहे आणि उर्दू टाइप करायचं इनपेज. अब्बा मूळचे कातिब. बटर पेपरवर कलमानं लग्नाचे रुक्के आणि मुशायऱ्यांची पोस्टरं लिहून त्यांनी आमचं घर चालवलं. पुढं ऑफसेटवाले हाताची किताबत घेईनात, तेव्हा ऐन पन्नाशीत ते कीबोर्ड शिकले.

धंदा थांबल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक काम काढलं. शहरातल्या जुन्या शायरांच्या बयाजा, म्हणजे कवितांच्या हस्तलिखित वह्या, घरोघरी जाऊन आणायच्या, टाइप करायच्या आणि वही परत नेऊन द्यायची. वीस वर्षांत तीनशे चाळीस फाइली झाल्या. त्यातले बहुतेक शायर आज हयात नाहीत. काहींच्या वह्याही उरल्या नाहीत. घरं बदलताना रद्दीत गेल्या. जे काही शिल्लक आहे ते या चहाच्या रंगाच्या डब्यात.

गेल्या डिसेंबरात मी पुण्याहून घरी गेलो तेव्हा डब्यातून टक-टक आवाज येत होता. हार्ड डिस्क असा आवाज करू लागली की तिचे दिवस भरत आले असं समजावं. मी म्हटलं, आजच सगळं काढून घेऊ. पेन ड्राइव्हला अब्बांनी साफ नकार दिला. पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनं त्यांची दोन महिन्यांची मेहनत खाल्ली होती. तेव्हापासून त्यांच्या मशीनला परक्या ड्राइव्हचा स्पर्श वर्ज्य. माझ्या लॅपटॉपला नेटवर्कची तार जोडायला तोंडच नाही. राहिला वायफाय. कॉम्प्युटरच्या मागं बोटाएवढा डोंगल लावलेला होता. मी म्हटलं, हवेतूनच काढू.

अब्बा हसले. म्हणाले, “हवा में से जाता बोलता ना? फिर हवा का लायसन किसके पास है?”

त्यांनी ते चेष्टेत विचारलं होतं. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. वायफायवर घरातल्या दोन कॉम्प्युटरांनी फाइल वाटून घेणं ही आज इतकी साधी गोष्ट आहे की तिला काही इतिहास असेल असं वाटतच नाही. पण तो आहे, आणि तो बराचसा अब्बांच्या याच प्रश्नाभोवती फिरतो.

डाकघरातली पुस्तिका

तरुण वाचकांना पटणार नाही, पण आपल्याकडं घरात रेडिओ ठेवायला परवाना लागत असे. १९३३चा ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट’ असं सांगत होता की बिनतारी यंत्र बाळगायचं तर सरकारची परवानगी हवी. मग ते यंत्र बोलणारं असो की नुसतं ऐकणारं. दरवर्षी डाकघरात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर नोंद करून आणायची. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत चालली. अब्बांची पुस्तिका अजून कपाटात आहे, राशनकार्डाच्या जुन्या प्रतींसोबत. बिनाका गीतमाला ऐकायलाही लायसन लागायचं, असं ते आम्हाला सांगायचे आणि आम्ही हसायचो.

त्या कायद्यामागची समजूत अशी होती की हवेतल्या लहरी सरकारच्या आणि त्या वापरायला देणं ही सरकारची मेहरबानी. या समजुतीला मोठा धक्का बसला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं सांगितलं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे आणि त्यावर सरकारला मक्तेदारी सांगता येणार नाही. हा निकाल देणाऱ्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते.

तत्त्व ठरलं. पण सार्वजनिक म्हणजे कुणीही उठून वापरावं, असा त्याचा अर्थ नव्हता. सगळे एकदम बोलायला लागले तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, ही अडचण उरतेच. त्या अडचणीवरचा तोडगा खूप आधी आणि खूप लांब निघाला होता.

बेटांवरचा तोडगा

हवाई विद्यापीठाच्या शाखा पॅसिफिक महासागरातल्या वेगवेगळ्या बेटांवर आहेत. तिथं नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन हे प्राध्यापक होते. मोठा कॉम्प्युटर होनोलुलूत होता आणि इतर ठिकाणांहून त्याच्याशी बोलायचं होतं. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ वापरायचं ठरवलं. जून १९७१मध्ये त्यांचं ‘अलोहानेट’ सुरू झालं. वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या हिशेबानं मुंगीची चाल.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: एकाच लहरीवर अनेकांनी बोलायचं आहे, मग पाळी कुणी ठरवायची? त्यांनी पाळीच ठेवली नाही. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. निरोप पोहोचला तर समोरून पोच येईल. नाही आली तर समजावं की दोघांचे निरोप एकमेकांवर आदळले. मग दोघांनीही थोडं थांबावं आणि पुन्हा पाठवावं. थांबण्याचा वेळ मात्र प्रत्येकानं आपापला, कसाही, नशिबावर टाकून घ्यावा. म्हणजे पुन्हा एकाच क्षणी तोंड उघडलं जाणार नाही.

आमच्या घरी दस्तरखानावर अकरा माणसं बसायची. तिथं याहून वेगळा नियम नव्हता. सालन मागताना दोघांचा आवाज एकदम निघाला की दोघंही गप्प व्हायचे आणि कुणीतरी एक आधी बोलायचा. अध्यक्ष नेमावा लागला नाही.

या पद्धतीत वाया जाणारं बरंच असतं. गणितानं काढलं तर लहरीच्या क्षमतेतली जेमतेम १८ टक्के कामी येते. पण ती चालते, आणि तिला मालक लागत नाही. रॉबर्ट मेटकाफ यांनी अ‍ॅब्रॅमसन यांचा लेख वाचला, त्यात सुधारणा केली आणि मे १९७३मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. त्यात बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं आणि दुसरा बोलत असेल तर थांबायचं, अशी भर पडली. इथर म्हणजे सगळीकडं भरून राहिलेलं ते काल्पनिक द्रव्य, ज्यातून प्रकाश वाहतो असं जुने शास्त्रज्ञ मानत. नाव हवेचं आणि नेटवर्क तारेचं, अशी गंमत. पुढची दोन दशकं कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले ते मुख्यतः तारेतून. हवेत परत यायला त्यांना मोकळी जागा हवी होती.

भंगारात निघालेली पट्टी

ही जागा मिळाली ती कुणाला नको होती म्हणून. रेडिओ लहरींच्या काही पट्ट्या १९४७मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवल्या होत्या. ही यंत्रं बोलत नाहीत, नुसती तापवतात. २.४ गिगाहर्ट्झजवळची पट्टी त्यातलीच. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथंच चालतो. एवढ्या गोंगाटात कोण निरोप पाठवणार, म्हणून ती बिनकामाची मानली जायची.

९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं या पट्ट्या दळणवळणासाठी मोकळ्या केल्या. आयोगातले इंजिनिअर मायकल मार्कस यांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. अट अशी की शक्ती कमी ठेवायची आणि निरोप एकाच लहरीवर न टाकता रुंद पट्टीवर पसरून पाठवायचा. परवाना नको, फी नको. दुकानांतल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीनं ही संधी ओळखली. काउंटर हलवला की तार पुन्हा टाकायची कटकट तिला नको होती. तिथलेच व्हिक हेज हे १९९०पासून दहा वर्षं ‘८०२.११’ नावाच्या समितीचे अध्यक्ष होते. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकच भाषा बोलावी, हे समितीचं काम. १९९७मध्ये पहिला नियमसंच आला, वेग सेकंदाला दोन मेगाबिटपर्यंत. १९९९मध्ये तो अकरावर गेला आणि त्याच वर्षी ‘वायफाय’ हे बाजारातलं नावही आलं.

भारतात ही पट्टी सर्वांना मोकळी झाली ती २८ जानेवारी २००५च्या नियमांनी. ते नियम मी मुद्दाम वाचले. त्यात कमाल शक्ती ठरवून दिली आहे: यंत्राची एक वॉट आणि अँटेनातून पसरणारी चार वॉट. त्याहून महत्त्वाच्या आहेत वापराच्या तीन अटी. एक, तुम्ही इतरांच्या कामात व्यत्यय आणायचा नाही. दोन, इतरांमुळं तुमच्या कामात व्यत्यय आला तर संरक्षण मागायचं नाही. तीन, ही जागा सामायिक आहे, एकट्याची कुणाचीच नाही.

अब्बांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे तर सामायिक विहिरीसारखं झालं. खरंच तसंच आहे. विहिरीवर ज्याचा हक्क त्याचाच, असं सातबारावर लिहिलेलं असलं तरी पाणी कधी उपसायचं आणि कधी थांबायचं हे शेजारधर्मानंच ठरतं. आज अब्बांच्या डोंगलपासून गल्लीतल्या प्रत्येक राउटरपर्यंत सगळे त्याच पट्टीत आहेत. प्रत्येकजण बोलण्याआधी ऐकतो, दुसरा बोलत असेल तर थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. लायसन कुणाकडंच नाही. म्हणून अदब सगळ्यांना पाळावी लागते.

गोल घुमटातला आवाज

घराच्या आत मात्र आणखी एक अडचण होती. सोलापूरकरांना ती चटकन कळेल, कारण आपल्यापैकी बहुतेकांची शाळेची सहल विजापूरला गेलेली असते. गोल घुमटाच्या सज्ज्यात उभं राहून एक शब्द उच्चारला की तो पुनःपुन्हा घुमत परत येतो. मजा वाटते. पण तिथं उभं राहून कुणाला पत्ता सांगून बघा. आधीच्या शब्दाचा घुमार विरण्याआधी पुढचा शब्द येतो आणि सगळं एकमेकांत मिसळतं.

रेडिओ लहरींचं घरात हेच होतं. त्या भिंतीवर, कपाटावर, छतावर आपटतात आणि एकच निरोप वेगवेगळ्या वाटांनी थोडा पुढंमागं पोहोचतो. वेग वाढवला की गोंधळ वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या पाच जणांनी यावर काम केलं. त्यांचे प्रमुख जॉन ओसलिव्हन हे खरं तर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. छोटी कृष्णविवरं फुटताना निघणाऱ्या रेडिओ लहरी त्यांनी आधी शोधल्या होत्या. त्या सापडल्या नाहीत. पण विस्कटलेल्या, क्षीण खुणांमधून मूळ संदेश वेगळा काढण्याचं गणित त्यांच्या हाती राहिलं.

उपाय ऐकायला सोपा आहे. एकाच माणसानं भरभर बोलण्याऐवजी अनेकांनी एकाच वेळी, प्रत्येकानं वेगळ्या सुरात, सावकाश बोलायचं. प्रत्येकजण सावकाश असल्यानं घुमार विरायला वेळ मिळतो, आणि सगळे मिळून काम भरभरच होतं. ही मूळ कल्पना एकट्या या चमूची नव्हती. ती १९६०च्या दशकापासून माहीत होती. पण घराच्या आतल्या वायफायसाठी त्यांनी जी जुळवणी केली तिचं अमेरिकी पेटंट त्यांना जानेवारी १९९६मध्ये मिळालं. पुढं त्यावरून अमेरिकेतल्या कोर्टांत वर्षानुवर्षं खटले चालले. २००९ आणि २०१२च्या तडजोडींतून संस्थेला मिळून चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. म्हणजे हवा मोकळी झाली, तरी तिच्यात नीट बोलण्याच्या रीतीवर हक्क सांगितला गेलाच. यात मला वावगं वाटत नाही. संस्था सरकारी होती, पैसा संशोधनात गेला. पण ‘फुकट हवा’ म्हणताना एवढं लक्षात ठेवावं.

हातावरचं फोल्डर

आता वाट तयार झाली. पण वाटेवरून दोन कॉम्प्युटर समोरासमोर आले तरी त्यांना एकमेकांची भाषा यायला हवी. “तुझ्याकडं कोणती फोल्डर आहेत? मला हे उघडू दे. मी यात लिहू का?” हे विचारण्याची भाषा आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधली. तिचं नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टनं ती उचलली, वाढवली आणि १९९२च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून ती साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आली. फोल्डर शेअर केलं की चित्रात त्याच्याखाली एक उघडा तळहात दिसायचा. एक्सपीतही तो आहे. अब्बा त्याला ‘हाथवाला फोल्डर’ म्हणतात. कुणीतरी वाढून पुढं केल्यासारखं ते चित्र त्यांना फार आवडतं.

पण ही भाषा बोलायची तर दोन्ही बाजूंना ठरावीक कंपनीचाच माल हवा, अशी स्थिती होती. ती बदलली कॅनबेरातल्या एका विद्यार्थ्यानं. अँड्र्यू ट्रिजेल ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. १९९१च्या डिसेंबरात त्याला आपल्या डॉसवाल्या कॉम्प्युटरवरून युनिक्सवाल्या मोठ्या यंत्रातल्या फाइली हव्या होत्या. भाषेचं पुस्तक त्याच्याकडं नव्हतं. त्यानं तारेवरून जाणारे-येणारे निरोप टिपून घ्यायला सुरुवात केली: या प्रश्नाला हे उत्तर आलं, त्या प्रश्नाला ते. नंतर त्यानं ही रीत समजावताना फ्रान्समधल्या उपाहारगृहाचं उदाहरण दिलं. भाषा येत नसेल तर कोपऱ्यात बसून बघत राहायचं. गिऱ्हाईक काय बोलतं आणि टेबलावर काय येतं, हे जुळवत गेलं की हळूहळू भाषा येते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोहल्ल्यात वाढलेल्या मुलाला हे नवीन नाही. मी मराठी अशीच शिकलो. शाळेत जाण्याआधी, किराणा दुकानाच्या पायरीवर.

ट्रिजेलनं आपलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. फुकट वापरा, बदला, पुढं द्या. फारच आवडलं तर पिझ्झा पाठवा, एवढीच मागणी. आधीचं नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं, तेव्हा त्यानं कॉम्प्युटरमधल्या शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं या क्रमानं येणारे शब्द शोधले. त्यात ‘सांबा’ सापडला. आज जगभरच्या कितीतरी ऑफिसांत, आणि घरात फाइली साठवायला ठेवतात त्या छोट्या डब्यांमध्येही, हाच सांबा काम करतो.

मात्र मायक्रोसॉफ्ट आपली भाषा पुढं नेत राहिली आणि बाहेरच्यांना प्रत्येक वेळी कोपऱ्यात बसून नव्यानं शिकावं लागे. मार्च २००४मध्ये युरोपीय आयोगानं कंपनीला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी बोलता यावं यासाठी लागणारी माहिती देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७मध्ये युरोपच्या कोर्टानं तो निर्णय उचलून धरला. त्याच डिसेंबरात दहा हजार युरो एकदाच भरून सांबाच्या लोकांना भाषेची कागदपत्रं मिळाली. सोळा वर्षं ऐकून-ऐकून शिकलेल्यांच्या हाती शेवटी व्याकरणाचं पुस्तक आलं.

कुलूप

इथपर्यंतची गोष्ट दारं उघडण्याची आहे. आता कुलपाची सांगतो.

२००७मध्ये घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा राउटरला पासवर्ड नव्हता. तो लावतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या गल्लीतली इंजिनिअरिंगची एक मुलगी गच्चीत बसून आमचं वायफाय वापरायची. तिनंच अब्बांना ‘हाथवाला फोल्डर’ करायला शिकवलं.

२६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून पाठवला गेल्याचं तपासात निघालं. घर एका अमेरिकी नागरिकाचं होतं. त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर जप्त झाले. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरल्याचं नंतर पुढं आलं. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांआधीचा ईमेलही मुंबईतल्याच एका वायफायवरून गेला. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत फिरू लागले.

बातमी आली त्या रात्री भाईजानचा मला पुण्याला फोन आला. एकच प्रश्न: “अपने राउटर कू पासवर्ड कैसा लगाते?” त्या सानपाड्याच्या घराच्या जागी आमचं घर असतं तर, हे वाक्य आमच्यापैकी कुणी उच्चारलं नाही. त्याची गरज नव्हती. मी फोनवरच एकेक पायरी सांगितली. राउटरमध्ये डब्ल्यूईपी आणि डब्ल्यूपीए असे दोन पर्याय होते. पहिल्या कुलपाची रचना कमकुवत असल्याचं २००१मध्येच तीन गणितज्ञांनी दाखवून दिलं होतं, म्हणून दुसरं लावलं.

सकाळी त्या मुलीचं वायफाय बंद पडलं. ती विचारायला आली नाही. का बंद झालं हे तिनं पेपरात वाचलं असावं. दोन दिवसांनी अब्बांनी पासवर्ड कागदावर लिहिला, आपल्या किताबतीच्या वळणदार इंग्रजी अक्षरांत, आणि तिच्या घरी नेऊन दिला. भाईजान चिडला. अब्बा एवढंच म्हणाले की कुलूप चोरासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही.

आज मला दोघांचंही पटतं. भाईजानची भीती खोटी नव्हती. आणि वाटून घेणं म्हणजे दार सताड उघडं टाकणंही नव्हे. किल्ली कुणाला द्यायची हे आपण ठरवणं, ही वाटून घेण्यातलीच एक गोष्ट आहे.

तीनशे चाळीस फाइली

डिसेंबरातल्या त्या दुपारी मी लॅपटॉपवरून अब्बांचा कॉम्प्युटर उघडायला गेलो आणि नकार आला. हे शेअर असुरक्षित आहे, ते जुनं एसएमबी-१ वापरतं, असा संदेश. कारण माहीत होतं. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरला, तो याच जुन्या भाषेच्या विंडोजमधल्या खिंडारातून. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं कामकाज त्यानं विस्कळीत केलं. त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ही भाषा बंदच ठेवली जाऊ लागली. एक्सपीला मात्र दुसरी येतच नाही. एकाच घरात, एकाच कंपनीची दोन यंत्रं, आणि दोघांत बोलणं नाही.

भाच्याकडं एक जुना लॅपटॉप होता, लिनक्स टाकलेला. त्यात सांबा होता. नव्या सांबातही जुनी भाषा बंद असते, पण सेटिंगच्या फाइलमध्ये ती परत चालू करता येते. आधी मी राउटरची इंटरनेटची तार काढली. अब्बा म्हणाले, “अब कैसा चलेगा?” मी सांगितलं की वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. बाहेरची तार काढली तरी घरातले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकतात, आणि जुनं खिंडार थोडा वेळ उघडायचं तर बाहेरचं दार बंद असलेलं बरं.

मग तो लिनक्सवाला लॅपटॉप दुभाष्या झाला. एका बाजूला एक्सपीशी जुन्या बोलीत बोलला, दुसऱ्या बाजूला माझ्या लॅपटॉपशी नव्या. फाइली एकेक करून यायला लागल्या. मधेच डिस्कची टक-टक वाढली आणि एका फाइलीवर सगळं अडलं. अब्बा काही बोलले नाहीत. खुर्चीचा हात धरून बसले होते. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा ती आली. वीस मिनिटांत तीनशे एकोणचाळीस फाइली पार झाल्या. एक शेवटपर्यंत आली नाही. ती कुणाची हे अब्बांनी नावावरून ओळखलं. त्या शायराची वही त्याच्या मुलीकडं बार्शीला आहे, असं ते म्हणाले, आणि डायरीत नोंद केली.

काम संपलेलं नाही. या फाइली इनपेजशिवाय उघडत नाहीत. त्या युनिकोडमध्ये आणल्या तरच कुठल्याही फोनवर वाचता येतील. तेही भाच्यानं अंगावर घेतलंय. त्याला उर्दू लिपी वाचता येत नाही, म्हणून अब्बा शेजारी बसतात. सोबत थोडी लिपीही शिकवून होते.

दुसऱ्या दिवशी मी नव्या लॅपटॉपवर ते फोल्डर सगळ्या घरासाठी शेअर करून अब्बांना दाखवलं. त्यांनी चष्मा सरकवून स्क्रीनकडं पाहिलं.

“इसमें हाथ कहाँ है?”

नव्या विंडोजमधून ते चित्र काढून टाकलंय, मी म्हटलं. फोल्डर शेअर होतं, पण हात दिसत नाही.